धातूतली सुरकुती

मोठी सतरंजी अंथरल्यावर ती वीतभर पुढे सरकवायची झाली, तर सबंध ओढू गेल्यास दोघे गडी दमतात. पण एका टोकाशी सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलीत नेली, की सतरंजी आपोआप सरकते. घरोघर ठाऊक असलेली ही युक्ती धातूच्या बाबतीत पंडितांना सुचायला मात्र 1934 साल उजाडावे लागले.

कोडे असे होते. धातूचे अणू कवायतीच्या मुलांसारखे रांगांत उभे असतात आणि धातू वाकतो तेव्हा एक थर दुसऱ्यावरून घसरतो. सगळा थर एकदम सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब रशियाच्या याकोव्ह फ्रेंकेलने 1926 साली मांडला. उत्तर प्रत्यक्षाच्या हजारपटीहून मोठे! शुद्ध धातूचा स्फटिक बोटांनी वाकतो आणि गणित म्हणते, वाकता कामा नये. मी मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. पण गणित चुकत नसूनही उत्तर चुकते, तेव्हा गृहीत धरलेलेच तपासावे, एवढे आम्ही शाळामास्तर जाणतो.

ते तिघांनी तपासले. केंब्रिजचे जी. आय. टेलर आणि एगॉन ओरोवान व मायकेल पोलान्यी हे दोघे हंगेरियन. ओरोवानची हकिगत मोठी गमतीची आहे. बर्लिनला त्याच्या हातून जस्ताचा स्फटिक जमिनीवर पडून वाकला. तो सरळ करून ताणला, तर झटके देत देत लांबू लागला! आत काहीतरी अडत होते, सुटत होते. अणूंची एखादी ओळ मध्येच अर्धी राहिलेली असते. तीच ही सुरकुती, शास्त्राच्या भाषेत स्थानभ्रंश. ती एकेक पाऊल सरकते, म्हणून जोर थोडा पुरतो. दैव कसे पाहा! हिटलर सत्तेवर येताच पोलान्यीने 1933 मध्ये बर्लिन सोडून मँचेस्टर गाठले. ओरोवानही पुढे इंग्लंडला गेला. स्थानभ्रंशाचे शोधक स्वतःच स्थानभ्रष्ट झाले.

ही सुरकुती सरकताना डोळ्यांना दिसली ती 1956 साली, केंब्रिजच्या हर्श, हॉर्न व व्हेलन यांना, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात.

दरम्यान 15 मे 1941 रोजी व्हिटलच्या इंजिनाचे विमान उडाले होते. तप्त वायूत गरगरणारी पाती लांबू नयेत, म्हणून ब्रिटनमध्ये त्याच सुमारास निमोनिक नावाच्या मिश्रधातू निघाल्या: निकेल, क्रोमियम आणि चिमूटभर टायटॅनियम व ॲल्युमिनियम. त्या का टिकतात, हे मागाहून उलगडले. निकेलच्या पोटात निकेल-ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण जमतात. त्यांत तीन निकेलमागे एक ॲल्युमिनियम अशी शिस्तीची बैठक असते. सुरकुती आत शिरली की बैठक मोडते. मग पाठोपाठ दुसरी येऊन ती पुन्हा जुळवते. म्हणून त्या जोडीनेच चालतात, आणि तेही मोठ्या कष्टाने.

त्याहून नवल पुढेच आहे. तापवल्यावर नरम व्हावे हा धातूचा धर्म. हे कण मात्र सुमारे सातशे-आठशे अंशांपर्यंत उलट अधिकच कणखर होतात! केअर व विल्सडॉर्फ यांनी 1962 मध्ये कारण दाखवले. उष्णतेने जोडीचा काही भाग आपला थर सोडून आडव्या थरावर चढतो आणि तिथेच अडकून बसतो. कुलूपच लागते म्हणा ना!

आता तर उत्तम पाते एकाच अखंड स्फटिकाचे ओततात, कारण कणाकणांमधले सांधे उष्णतेत आधी दगा देतात. तरीही सुरकुत्या कायमच्या थांबत नाहीत. अणू जागा बदलतात आणि त्या हळूहळू अडथळ्यांवरून चढून पलीकडे जातात. पाते केसाकेसाने लांबते. म्हणून इंजिन सुरळीत चालत असतानाही ही पाती वेळोवेळी तपासतात, आणि आयुष्य भरलेले पाते धड दिसले तरी मोडीत काढतात.