कला इतिहास शिकून पुढे काय? ज्या विषयावरून ओबामांनाही माफी मागावी लागली, त्याची गोष्ट

३० जानेवारी २०१४ चा दिवस. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कारखान्यात भाषण करत होते. विषय होता कौशल्य शिक्षणाचा. बोलता बोलता ते म्हणून गेले की कारखान्यातलं चांगलं कसब हातात असलेली पोरं कला इतिहासाची डिग्री घेतलेल्यांपेक्षा जास्त कमावू शकतात. त्यांनी लगेच सावरून घेतलं, पण शब्द सुटला तो सुटला. टेक्सास विद्यापीठात हाच विषय शिकवणाऱ्या एका प्राध्यापक बाईंनी व्हाइट हाऊसच्या वेबसाइटवरून आपली नाराजी कळवली. काही दिवसांत त्यांना ओबामांच्या हातची माफीची चिठ्ठी आली. शाळेत हा आपला आवडता विषय होता, असंही त्यात लिहिलेलं होतं.

आपल्याकडे ओबामांचं ते वाक्य घरोघरी बोललं जातं आणि माफी कुणी मागत नाही. बारावीनंतर मुलगी म्हणाली की कला इतिहास शिकायचाय, तर पहिला प्रश्न येतो, "म्हणजे चित्रं काढायची का?" आणि दुसरा, "त्यानं पोट भरेल का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चित्रं काढायची नसतात, ती वाचायची असतात. एखादं चित्र, मूर्ती किंवा वास्तू कधी झाली, कुणी करवून घेतली, पैसा कुठून आला आणि ती अशीच का दिसते, हे पुराव्यानिशी शोधणं म्हणजे कला इतिहास.

अजिंठ्याचंच बघा. तिथल्या नंतरच्या काळातल्या लेण्यांचं काम सातव्या शतकापर्यंत चाललं असावं, असं बरेच अभ्यासक मानत होते. वॉल्टर स्पिंक हे अमेरिकी अभ्यासक अनेक दशकं अजिंठ्याला येत राहिले आणि त्यांनी वेगळंच मांडलं. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, साधारण इ.स. ४६० ते ४८० या वीसेक वर्षांतच यातलं बहुतेक काम झालं, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांनी ठरवलं कशावरून? अर्धवट सोडलेलं कोरीवकाम, मध्येच घुसवलेल्या मूर्ती आणि चक्क दरवाजे बसवायची बदलत गेलेली पद्धत. सगळ्यांना हा निष्कर्ष पटलेला नाही. पण दाराच्या बिजागरीवरून शतकांचा हिशोब मांडता येतो, हे कळलं की या विषयाची मजा कळते.

मूर्ती परत आणणारा फोटो

हा अभ्यास पुस्तकातच राहत नाही. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदान गावच्या मंदिरातून चोळकालीन नटराज चोरीला गेला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं तोच नटराज सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या विक्रेत्याकडून सुमारे ५० लाख डॉलरला विकत घेतला. कागदपत्रं अशी तयार केली होती की मूर्ती १९७२ चा पुरावस्तू कायदा येण्याआधीच भारताबाहेर गेली, असं वाटावं.

ते खोटं पडलं ते फोटोंमुळे. पुद्दुचेरीतल्या फ्रेंच इन्स्टिट्यूटनं दक्षिणेतल्या मंदिरांचे हजारो फोटो काढून, नीट नोंदी करून ठेवले आहेत. त्यात हाच नटराज १९९० च्या दशकात मंदिरात उभा होता. तुलना झाली, मूर्ती तीच निघाली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती भारताच्या स्वाधीन केली. मूर्तीचोरीच्या एका खटल्यात कपूरला २०२२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. नोंदी ठेवण्याचं हे काम तसं कंटाळवाणं. पण देव भारतात परत आला तो त्या नोंदींमुळे.

शिकायचं कुठे?

महाराष्ट्रातल्या मुलांची इथे थोडी अडचण होते. पदवीलाच पूर्णवेळ कला इतिहास घ्यायचा तर राज्यात पर्याय फार कमी आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात तो चित्र-शिल्पाच्या अभ्यासाबरोबर येतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन इतिहास आणि पुरातत्त्वाच्या वाटेनं मूर्ती आणि मंदिरांपर्यंत पोचता येतं.

खरं नाव आहे ते बडोद्याचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० ची आणि तिथे कला इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. रतन परिमू आणि गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखी माणसं तिथे शिकवून गेली. ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ आहे ते सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, त्यामुळे मराठी मुलांना बडोदा तसं परकं नाही. याशिवाय शांतिनिकेतनचं कलाभवन आहे, दिल्लीत जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स आहे. नोकरी सांभाळून करायचं असेल तर मुंबईत ज्ञानप्रवाह आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांनी असे अभ्यासक्रम चालवले आहेत.

आता पोटाचा प्रश्न

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्तीज लिलावात एम. एफ. हुसेन यांचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. कित्येक वर्षं ते नॉर्वेतल्या ओस्लोच्या एका हॉस्पिटलकडे होतं. बातमी आकड्याची झाली. पण चित्र अस्सल आहे का, कुणाकडून कुणाकडे गेलं, चित्रकाराच्या कामात त्याची जागा काय, हे कुणीतरी तपासून लिहिल्याशिवाय एवढी बोली लागत नाही. ते लिहिणारा बहुतेकदा कला इतिहास शिकलेला असतो. सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अ‍ॅस्टागुरू ही लिलावगृहं मुंबईतलीच आहेत, त्यामुळे हे काम तुलनेनं जवळ आहे.

लिलावगृहांखेरीज गॅलऱ्या आहेत, खासगी संग्रह आहेत. टीआयएफआरसारख्या विज्ञान संस्थेकडेही होमी भाभांनी सुरू केलेला चित्रसंग्रह आहे आणि असा संग्रह सांभाळायला माणूस लागतो. १९४६ पासून मुंबईतून निघणाऱ्या 'मार्ग'सारखं प्रकाशन, वारसा फेऱ्या, पीरियड फिल्मसाठी संशोधन अशीही कामं असतात. शिकवायचं असेल तर यूजीसी-नेटमध्ये दृश्यकला या विषयात कला इतिहास येतो. संग्रहालयातली क्युरेटरची नोकरी बहुतेकांच्या मनात असते, पण सरकारी संग्रहालयांत जागा कमी आणि भरती संथ. पुरातत्त्व खात्याच्या परीक्षांना साध्या कला इतिहासाची पदवी चालेलच असं नाही, जाहिरातीतली पात्रतेची अट आधी वाचलेली बरी.

चित्रांची आणि मूर्तींची डागडुजी करायचं काम बरेच जण याच्यातच धरतात. ते वेगळं शास्त्र आहे आणि त्याला रसायनशास्त्र लागतं. बारावी सायन्स झालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पगाराबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. सुरुवातीचा आकडा इंजिनिअरिंगच्या मित्राला सांगावासा वाटणार नाही. बरीच कामं वर्षभराच्या कराराची असतात, इंटर्नशिप कधी कधी फुकटात करावी लागते आणि बहुतेक सगळं मुंबई-दिल्लीत असतं. म्हणजे घरभाडं आलं. लिहिणंबोलणं जवळपास पूर्ण इंग्रजीत चालतं. घरून दोन-तीन वर्षं आधार मिळणार नसेल तर हा रस्ता अवघड आहे आणि या क्षेत्रात ठरावीक घरांतलीच मुलं जास्त का दिसतात, त्याचं एक कारण हेच आहे.

उलट एक गोष्ट मराठी मुलांच्या बाजूची आहे. मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्यातली भित्तिचित्रं, पुण्याच्या केळकर संग्रहालयातली पैठण शैलीची चित्रं, पिंगुळीची चित्रकथी, यावर करण्यासारखं काम अजून पुष्कळ पडून आहे. त्यासाठी लागणारे जुने कागद मोडीत आहेत. मोडी वाचता येणारा कला इतिहासकार सहज सापडत नाही आणि मोडीचे छोटे वर्ग राज्यात ठिकठिकाणी चालतात.

बारावीलाच निर्णय घेता येत नसेल तर इतिहास, साहित्य, आर्किटेक्चर, काहीही करून एमएला या विषयाकडे वळता येतं. जेएनयूसारख्या ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर सीयूईटी-पीजी देऊन अर्ज करू शकतो. दरम्यान काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक अख्खा दिवस घालवून पाहावा. तीन तासांनी पाय दुखत असूनही पुढचं दालन बघावंसं वाटलं, तर घरी विषय काढायला हरकत नाही.