करंज तेलापासून बायोडिझेल : विकर व आयनिक द्रवांची पद्धत

धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बांधावर, पडीक जमिनीत करंज तग धरतो. बियांत साधारण २७ ते ३९ टक्के तेल असते. मात्र ओलसर किंवा जास्त दिवस साठवलेल्या बियांच्या तेलात मुक्त मेदाम्ले वाढतात. अल्कली वापरून बायोडिझेल करताना अशा तेलाचा साबण होतो आणि उतारा घटतो.

विकर पद्धत
लायपेज हे विकर तेल व मिथेनॉलपासून एस्टर, म्हणजेच बायोडिझेल तयार करते. मुक्त मेदाम्लांचेही एस्टर होत असल्याने साबणाची अडचण राहत नाही. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते. सुमारे १० किलो ग्लिसरीन मिळते. परंतु मिथेनॉल एकदम जास्त झाल्यास विकर निकामी होते.

आयनिक द्रव कशासाठी?
हे १०० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला द्रवरूप असणारे क्षार आहेत. त्यांची वाफ जवळजवळ होत नाही. योग्य द्रव निवडल्यास मिथेनॉल त्यात विरघळते, विकर टिकते, बायोडिझेलचा थर वेगळा होतो. द्रव व विकर पुन्हा वापरता येतात. मात्र दोन्ही महाग असल्याने गावपातळीवर ही पद्धत परवडत नाही.

शेतकऱ्यांनी काय करावे?
• शेंगा चांगल्या वाळवून बी कोरड्या जागी साठवावे.
• कच्ची पेंड जनावरांना देऊ नये. सेंद्रिय खत म्हणून वापरावी.
• लागवडीपूर्वी खरेदीदार, दर व वाहतूक लेखी ठरवून घ्यावी. राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ मध्ये २०३० पर्यंत ५ टक्के बायोडिझेल मिश्रणाचे उद्दिष्ट आहे. ती बियांच्या खरेदीची हमी नव्हे.