बासनातल्या प्रतिमा

हस्तलिखित पोथी सुट्या पानांची असे. पानांवर क्रमांक घालून, वर-खाली फळ्या लावून ती बासनात बांधून ठेवीत. गेल्या पंचवीस वर्षांत जुने मराठी ग्रंथ संगणकावर आले ते पुन्हा पोथीच्याच रूपात. प्रत्येक पानाची एक प्रतिमा, साठवणुकीसाठी दाबून लहान केलेली आणि क्रमांक घालून एका संचात बांधलेली. या संचाचे ई-पुस्तक कसे करावे, हा प्रश्न आपण तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होतो. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा, म्हणजे आपल्याच विद्याशाखेचा प्रश्न आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात त्याला आणखी एक पदर आहे. बिलोली, देगलूर हा सीमाभाग १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथल्या उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ हेच होते. साहजिकच अनेक जुनी मराठी पुस्तके तिथल्या ग्रंथालयात राहिली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्यातून ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. तिच्यासाठी स्कॅन झालेल्या ग्रंथसंग्रहांत उस्मानियाचाही संग्रह होता. प्रत्येक पानाची स्वतंत्र टिफ फाईल होती आणि संकेतस्थळावर एकेक पान उघडावे लागे. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले, पण त्यातील फार मोठा भाग ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पोहोचला. जी पुस्तके पाहण्यासाठी बिलोलीच्या अभ्यासकाला हैदराबाद गाठावे लागले असते, त्यांतली कितीतरी आज त्याच्या मोबाईलवर येतात.

मात्र येतात ती प्रतिमा म्हणून. १९९३ साली आलेल्या पीडीएफमध्ये पानांच्या प्रतिमा एकापुढे एक ठेवल्या की पुस्तकाचा आभास निर्माण होतो. परंतु त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचक-प्रणालीला तिथे एकही अक्षर सापडत नाही. २००७ साली प्रमाणित झालेले ‘ईपब’ हे स्वरूप यासाठीच आहे. त्याच्या पोटातही दाबून बांधलेला एक झिप-संच असतो, पण त्यात मजकूर अक्षररूपाने असतो, प्रकरणांचा क्रम नोंदलेला असतो आणि ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडल्या जातात. प्रतिमांचाच संच उचलून ईपबमध्ये भरला, तर फाईलचे नाव बदलते. वाचकाच्या दृष्टीने पोथीचे बासन तेवढे नवे होते.

प्रतिमेपासून अक्षराकडे जाताना पहिली हानी संपीडनात होते. काळ्या-पांढऱ्या पानासाठी टिफमध्ये वापरली जाणारी ‘ग्रुप ४’ पद्धत एकही बिंदू न गमावता आकार घटवते. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपेग पद्धत छायाचित्रांसाठी योजलेली आहे. ती पान आठ-आठ बिंदूंच्या चौकटींत विभागून बारीक तपशील सोडून देते, त्यामुळे अक्षरांच्या तीक्ष्ण कडांभोवती धुरकट कण उमटतात. काही पद्धती तर सारखी दिसणारी अक्षरे एकाच साच्याने भरून काढतात. २०१३ मध्ये झेरॉक्सच्या काही यंत्रांतून निघालेल्या प्रतींत याच कारणाने आकडेच बदलल्याचे जर्मनीतील डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले. प्रत स्वच्छ होती आणि चुकीची होती.

मराठीत हा धोका टिंबात दडलेला आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ते पदोपदी आहेत. ‘नांव’ म्हणजे अभिधान आणि ‘नाव’ म्हणजे होडी, हा भेद तेव्हा डोळ्यांना दिसत असे. पिवळ्या पडलेल्या पानावरील डाग पुसण्यासाठी चालवलेली प्रक्रिया हे टिंबही डाग समजून पुसू शकते. लेखनाच्या इतिहासाचा पुरावा अशा वेळी स्वच्छतेच्या नावाखाली नाहीसा होतो.

दुसरी हानी अक्षर-ओळखीत होते. इंटरनेट अर्काइव्हवरील देवनागरी पुस्तकांपुढे या भाषेची अक्षर-ओळख होऊ शकत नाही, अशी नोंद दीर्घकाळ दिसत असे. २०२० च्या सुमारास तिथे ‘टेसरॅक्ट’ ही मुक्त प्रणाली आली आणि मराठी मजकूर मिळू लागला. पण यंत्राला संदर्भ पुरेसा कळत नाही. घ-ध, भ-म, ष-प ही अक्षरे अंधुक छपाईत एकमेकांची जागा घेतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत रफार कसा काढला आहे, एवढ्यावर गुरुजन आणि स्वयंपाकी यांचा भेद ठरतो. यंत्राने दिलेला मजकूर जसाच्या तसा ई-पुस्तकात घातला, तर पुढचा संशोधक त्यातूनच अवतरणे देईल आणि लेखकाने न लिहिलेला शब्द त्याच्या नावावर जमा होईल.

ही चिंता मराठवाड्याला नवी नाही. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण लेखनिकांच्या हातून पाठ बिघडले होते. वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. ती मूळ पोथी आज तपासता येत नाही, म्हणून राजवाडे-संहितेविषयीचे कित्येक वाद सुटत नाहीत. तिथे मजकूर राहिला आणि पान गेले. आज आपल्याकडे पान आहे आणि मजकूर नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवणे हाच त्यावरचा उपाय होय. ‘विकिस्रोत’वर तो प्रत्यक्षात आहे: एका बाजूला पानाची प्रतिमा, दुसऱ्या बाजूला मजकूर, एकाने तपासलेले पान दुसऱ्याने प्रमाणित करायचे आणि मग त्यातून ईपब काढायचे.

कायद्याची अडचण इथे फारशी नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य मुक्त होते. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून असे मुक्त आहे. अडचण मनुष्यबळाची आहे, आणि ते मनुष्यबळ मराठी विभागांत बसलेले आहे. पदव्युत्तर वर्गात पाठचिकित्सा आपण व्याख्येपुरती शिकवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रात वीस पाने मूळ प्रतिमेशी ताडून पाहिली, तर दहा जणांच्या वर्गातून वर्षाकाठी चारशे पानांचा एक ग्रंथ विश्वासार्ह रूपात उभा राहील. त्या मुलांना अनुस्वाराचा इतिहासही निराळा शिकवावा लागणार नाही.