तारांपलीकडच्या घराची वीज

नागपूर शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रांची धुरांडी उभी आहेत. त्याहून पुढे, पेंच नदीवर तोतलाडोह येथे १६० मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र आहे. एवढी वीज ज्या पट्ट्यात तयार होते, त्याच पट्ट्यात रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांतील जंगलालगतच्या एखाद्या एकट्या शेतघरापर्यंत तार नेणे मात्र सोपे नसते. खांब, तारा आणि रोहित्र यांचा खर्च अंतरागणिक वाढतो. वाटेत वनजमीन आली, तर १९८० च्या वन कायद्याखालील परवानगीचा प्रश्न उभा राहतो. मेळघाट आणि गडचिरोलीच्या दुर्गम भागांत ही अडचण अधिक तीव्र आहे.

अशा घराने आपली वीज आपणच निर्माण करण्याचे ठरवले, तर काय करावे लागते, याचा हा आढावा. सूर्यप्रकाश फुकट मिळतो, हे खरे. पण रात्र आणि श्रावणातील ढग यांची किंमत मोजावी लागते. या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले, की हौसेने बसवलेला संच काही वर्षांतच शोभेची वस्तू होतो.

प्रश्न जुना, धडाही जुना

डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचे काम सुरू केले, तेव्हा त्या भागात विजेचा पत्ता नव्हता. रुग्णसेवेची पहिली वर्षे कंदिलाच्या उजेडातच गेली. वीज नसणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. पावसाळ्यातील रात्री अंगणातील साप दिसणे, सर्पदंशानंतर मदतीसाठी मोबाइल चार्ज असणे, मुलांना संध्याकाळी वाचता येणे, हे सारे उजेडावर अवलंबून असते.

या शतकाच्या पहिल्या दशकात केंद्र सरकारने दुर्गम गावांसाठी सौर घरगुती दिव्यांची योजना राबवली. त्यातील एका प्रचलित संचात ३७ वॉटचे पॅनेल, १२ व्होल्टची ४० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी आणि दोन सीएफएल दिवे असत. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॉटचा संच ठरवण्यात आला. त्यात पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक प्लग होता, शिवाय पाच वर्षांच्या देखभालीची अट होती. ही अट महत्त्वाची. पहिल्या पिढीतील अनेक संचांची पॅनेले शाबूत राहिली, पण बॅटरी संपल्यावर ती बदलणारे कोणी नसल्याने दिवे विझले. घरगुती संच उभारणाऱ्यानेही हाच धडा आधी वाचावा.

आधी गरज, मग पॅनेल

बहुतेक जण ‘किती किलोवॅट बसवू?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. वास्तविक पहिला प्रश्न ‘रोज किती युनिट लागतात?’ हा असायला हवा. उपकरणाचे वॉट आणि वापराचे तास यांचा गुणाकार करून त्याला १,००० ने भागले, की युनिट मिळतात. चार जणांच्या काटकसरी घराचा दिवसाचा हिशेब असा मांडता येईल:

– ९ वॉटचे ६ एलईडी दिवे, ५ तास : ०.२७ युनिट
– ३० वॉटचे २ बीएलडीसी पंखे, १२ तास : ०.७२ युनिट
– लहान, कमी वीज खाणारा फ्रिज : सुमारे ०.७० युनिट
– ४० वॉटचा टीव्ही, ३ तास : ०.१२ युनिट
– मोबाइल, लॅपटॉप, इंटरनेट : ०.२० युनिट
– मिक्सर : ०.०५ युनिट
– अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, १ तास : ०.५० युनिट

बेरीज अडीच युनिटांच्या थोडी वर जाते. याच घरात ६० वॉटचे जुने बल्ब आणि ७५ वॉटचे साधे पंखे असते, तर तितक्याच उजेडाला आणि वाऱ्याला पाचाहून अधिक युनिट लागले असते. म्हणजेच दिवे आणि पंखे बदलण्यावर केलेला खर्च पॅनेल आणि बॅटरी या दोन्हींचा आकार जवळजवळ निम्म्यावर आणतो. गिझर, इस्त्री आणि विजेची शेगडी ही उष्णता निर्माण करणारी उपकरणे मात्र अशा घरात शक्यतो नकोत. पाणी तापवायला छतावरचा सौर बंब आणि स्वयंपाकाला गॅस हाच शहाणपणाचा मार्ग होय.

या हिशेबात एक खर्च सहसा धरला जात नाही. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी स्वतः वीज खातो. तो २० ते २५ वॉटचा असला, तरी चोवीस तासांत अर्धा युनिट जातो. त्यामुळे वरील घराची खरी गरज तीन युनिट धरावी.

नागपूरचे ऊन : तेज आणि ताप

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून जवळपास तेवढ्याच कोनात कलते बसवले, की वर्षभराचा मेळ चांगला बसतो. येथे वर्षाच्या सरासरीने प्रत्येक चौरस मीटरवर दररोज सुमारे ५ युनिट इतकी सौरऊर्जा पडते. एप्रिल-मे महिन्यांत हा आकडा साडेसहाच्या आसपास जातो, तर जुलै-ऑगस्टमध्ये चारच्या आसपास किंवा त्याखाली येतो.

संचाचा आकार ठरवताना मे महिना नव्हे, तर ऑगस्ट महिना समोर ठेवावा. तारा, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांतील घट वजा जाता ऑगस्टमध्ये १ किलोवॅट पॅनेलमधून घरात अडीच युनिटांच्या आसपासच वीज पोहोचते. तीन युनिटांच्या घराला म्हणूनच दीड किलोवॅट हवे. त्यातून रोजची गरज भागून, ढगाळ दिवसांत उतरलेली बॅटरी पुन्हा भरण्यापुरतीही वीज उरते. झडीचा पावसाळा आठवडाभर लांबला, तर फ्रिज बंद ठेवण्याची तयारी हवी, अथवा एखादे लहान जनित्र हाताशी असावे.

उन्हाळ्यातही एक गफलत होते. ऊन कडक, म्हणून वीज जास्त, असा समज असतो. पॅनेलला हवा असतो तो प्रकाश, उष्णता नव्हे. त्यावर लिहिलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे तापमान प्रत्येक अंशाने वाढले, की क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. पारा ४५ अंशांवर असताना पॅनेल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकते. अशा दुपारी १५ टक्क्यांच्या आसपास वीज उष्णतेतच जाते. यावर उपाय सोपा आहे. टिनाच्या छताला पॅनेल चिकटवून न बसवता मध्ये हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे.

राहिला प्रश्न कूलरचा. नागपूरकरांच्या उन्हाळ्याची कल्पना त्यावाचून करता येत नाही. १६० वॉटचा कूलर दहा तास चालला, तर १.६ युनिट घेतो. सुदैवाने येथे निसर्ग साथ देतो. कूलर लागतो तेव्हा ऊन भरपूर असते, आणि ढग दाटतात तेव्हा कूलर लागत नाही. दीड किलोवॅटचा संच मे महिन्यात कूलरसह घर चालवू शकतो, मात्र कूलरचा अधिकाधिक वापर दिवसा व्हावा. वातानुकूलन यंत्राचा विचार या आकाराच्या संचात करू नये.

रात्रीचा साठा

तारांपलीकडच्या घरात बॅटरी हा सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग असतो. पंप दिवसा थेट उन्हावर चालवला, तर उरलेल्या वापरासाठी दोन दिवसांचा साठा म्हणजे सुमारे ५ युनिट लागतात. ढगाळ दिवशीही पॅनेल थोडीफार वीज देतच असल्याने हा साठा प्रत्यक्षात अधिक काळ पुरतो.

शिसे-आम्ल प्रकारची ट्युब्युलर बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. त्यामुळे ५ युनिट वापरण्यासाठी १० युनिटांची क्षमता घ्यावी लागते. १२ व्होल्टच्या १५० अँपिअर-तास बॅटरीत १.८ युनिट मावतात, म्हणजे अशा सहा बॅटऱ्या हव्यात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांहून अधिक वापरता येत असल्याने सुमारे ६ युनिटांची पुरते. ती महाग पडते, पण चांगली राखली तर दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य चार ते सहा वर्षे धरावे.

विदर्भात बॅटरीचा खरा शत्रू उष्णता हाच आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे तापमान २५ अंशांहून कायम १० अंश अधिक राहिले, तर तिचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ती टिनाच्या शेडमध्ये ठेवू नये. घराच्या उत्तर बाजूची, जाड भिंतींची, कवेलूंच्या छपराची सावलीतील खोली सर्वांत योग्य. तेथे हवा खेळती हवी, कारण चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. विहिरीचे पाणी कधीही घालू नये. लिथियम बॅटरीला पाणी लागत नाही, पण ४५ अंशांच्या पुढे तिचे नियंत्रक चार्जिंग रोखू शकते. सावलीची गरज दोन्ही प्रकारांना सारखीच आहे.

वारा, नाला आणि गोठा

पवनऊर्जेसाठी महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठार आणि धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल प्रसिद्ध आहेत. नागपूरच्या मैदानी, झाडीच्या प्रदेशात वारा तितका जोमदार आणि सातत्याचा नसतो. येथे लहान पवनचक्कीवर खर्च करण्यापेक्षा तेवढ्याच पैशात आणखी पॅनेल घेणे फायद्याचे ठरते. लहान जलविद्युतची गोष्टही तशीच आहे. सह्याद्रीतील उताराचे झरे या कामी येतात, पण आपल्याकडील बहुतेक नाले हिवाळा सरता सरता आटतात.

गोठा मात्र भरवशाचा. ‘अ‍ॅफ्प्रो’ या संस्थेने १९८४ मध्ये पुढे आणलेले ‘दीनबंधू’ हे जमिनीखालील पक्क्या घुमटाचे बायोगॅस संयंत्र देशभर रूढ झाले. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, आणि त्यावर एका कुटुंबाचा स्वयंपाक होऊ शकतो. जनावरे दिवसभर चरायला जात असतील, तर गोठ्यात कमी शेण मिळते, हे धरून गुरांची संख्या मोजावी. ज्यांच्याकडे गुरे नाहीत, त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने खरकट्यावर चालणारे छोटे संयंत्र विकसित केले. त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

पाण्याबाबत एक सूत्र ध्यानात ठेवावे : उंचावरची टाकी हीच स्वस्तातली बॅटरी. दिवसा उन्हावर टाकी भरून ठेवली, की रात्री पंप चालवावा लागत नाही.

उभारणीतील दक्षता

वीज कमी व्होल्टेजवर वाहून नेली, तर तारेतून अधिक प्रवाह जातो आणि तार तापते. ५०० वॉटसाठी १२ व्होल्टवर सुमारे ४२ अँपिअर प्रवाह लागतो, तर ४८ व्होल्टवर तो साडेदहाच्या घरात राहतो. त्यामुळे फ्रिज आणि पंप असलेल्या घराने २४ किंवा ४८ व्होल्टचीच रचना निवडावी. मोटारी सुरू होताना काही क्षण कित्येक पट वीज ओढतात, म्हणून इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा आणि ऐपतीपेक्षा नव्हे, तर गरजेपेक्षा थोडा मोठा असावा.

विदर्भात मृगाच्या आगेमागे विजा मोठ्या प्रमाणात पडतात. पॅनेलच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग, दोन्ही बाजूंना सर्ज संरक्षक आणि डीसीसाठीच बनवलेले ब्रेकर यांत काटकसर करू नये. रामटेक परिसरात वानरांच्या टोळ्या छतावर उड्या मारतात, तेव्हा सांगाडा भक्कम हवा आणि तारा पाइपात बंद हव्यात. पॅनेल पहाटे गार असताना धुवावे. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.

योजनांचा लाभ कोणाला?

२०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत ३ किलोवॅटपर्यंतच्या संचाला कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. पण ती योजना वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेल्या घरांसाठी आहे. तारांपलीकडच्या घराने ते अनुदान गृहीत धरून अंदाजपत्रक करू नये. शेतीच्या पंपासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. तीत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के वाटा भरायचा असतो. अधिक माहितीसाठी महाऊर्जाच्या, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाच्या, नागपूर कार्यालयाकडे विचारणा करता येते.

दरेवाडीचा हिशेब

पुणे जिल्ह्यातील दरेवाडी या दुर्गम वाडीत २०१२ मध्ये ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने सुमारे ९.४ किलोवॅटचा सामायिक सौर प्रकल्प उभारला. चाळीसेक घरांना त्यातून वीज मिळाली. त्यातील लक्षणीय गोष्ट पॅनेलची नव्हे, तर मीटरची होती. वीज सूर्याची असली, तरी प्रत्येक घराने वापरानुसार बिल भरायचे, आणि ग्रामस्थांच्याच न्यासाने ती रक्कम देखभाल व बॅटरीबदलासाठी राखायची, अशी व्यवस्था तेथे लावण्यात आली.

एकट्या घरालाही हाच नियम लावता येतो. बॅटरीची किंमत तिच्या अपेक्षित आयुष्याच्या महिन्यांनी भागावी. पाच वर्षे धरली तर साठने. येणारी रक्कम ‘वीज बिल’ समजून दरमहा वेगळी काढावी. पॅनेल पंचवीस वर्षे साथ देते. त्या काळात शिसे-आम्ल बॅटरी चार-पाच वेळा बदलावी लागते. ज्या घराने पहिल्या महिन्यापासून हे बिल स्वतःलाच भरले, त्या घरात सहाव्या पावसाळ्यातही दिवा लागलेला दिसेल.