बाकी येणे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या मालाडच्या बाजारातले दुकानदार नव्या चोपड्यांची पूजा करीत. त्याच सुमारास चाळीत आमच्या शेजारचे तात्या आपली एक जुनी वही काढून बसत. शाळकरी मुलाची असावी तशी साधी वही. तिला ना कुंकू ना फूल. तात्या सिनेमाच्या स्टुडिओत बत्तीवाले होते. सेटच्या वर बांधलेल्या फळ्यांवर चढून ते मोठाले, भाजून काढणारे दिवे हवे तसे फिरवायचे, हे त्यांचे काम. वहीत त्यांनी केलेल्या पाळ्या लिहिलेल्या असत. आधी तारीख, मग दिवसपाळी की रात्रपाळी, आणि शेवटी रक्कम. ज्या पाळीचे पैसे हाती पडले तिच्यावर रेघ. शेवटची चार पाने मात्र बिनरेघांची होती.

"बाळ, तुला बेरीज येते ना? कर बघू," असे म्हणून ते ती चार पाने माझ्यापुढे सरकवीत. मी बोटे मोजून बेरीज करी. २,३४० रुपये. पुढल्या दिवाळीला पुन्हा तेच. मला वाटे, हा माझ्या गणिताचा अभ्यास चालला आहे. तो हिशेब एका बुडीत चित्रपटाचा होता, हे मला फार उशिरा कळले. त्या निर्मात्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ होते, आणि एकट्याला धरून उपयोग नाही.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलेलो नाही. मुलांना शिकवतो, कादंबऱ्या लिहितो. इतिहासकाराचा आव मला आणता यायचा नाही. पण तात्यांच्या त्या चार पानांमुळे, या धंद्यात पगार का थकतो आणि केव्हापासून थकतो, हे शोधण्याचा नाद मला लागला.

मुळापासून पाहू जाता दादासाहेब फाळक्यांच्या घरापाशी यावे लागते. १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला तो सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर. त्या माउलीने सबंध मंडळींचा स्वयंपाक केला, वर फिल्मच्या कामातही हात लावला. सिनेमात काम करतो म्हणणे लाजिरवाणे होते, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकवून ठेवले होते की, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगा. गंमतीची गोष्ट खरी, पण मला त्यात कारखाना हा शब्द मोलाचा वाटतो. कारखाना म्हटला की मालक आला, हजेरी आली आणि महिन्याचा पगार आला.

पुढे खरोखरच तसे कारखाने झाले. १९२९ साली कोल्हापुरास निघालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली 'प्रभात' आपणां मराठी माणसांना घरच्यासारखी. आमच्या मालाडला १९३४ साली हिमांशु राय आणि देविकाराणी यांनी 'बॉम्बे टॉकीज' काढली. ती पब्लिक लिमिटेड कंपनी होती. फ्रान्झ ऑस्टेन आणि जोसेफ विर्शिंग यांच्यासारखे जर्मन तंत्रज्ञ तेथे होते. आपल्या लीला चिटणीस तेथल्याच 'कंगन' आणि 'बंधन'मुळे देशभर गाजल्या. नायिका असो की सुतार, सारे पगारी नोकर. 'अछूत कन्या' पडद्यावर आणणाऱ्या या कंपनीत सर्व जातींची माणसे एकाच उपाहारगृहात जेवत, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मग मोडले कशाने? १९३९ साली युद्ध सुरू झाले आणि जर्मन मंडळी स्थानबद्ध झाली. १९४० साली हिमांशु राय वारले. १९४३ साली 'किस्मत'ने कलकत्त्याच्या एका थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ मुक्काम ठोकला, पण त्याच वर्षी शशधर मुखर्जी, अशोककुमार वगैरे मंडळी बाहेर पडली आणि गोरेगावास 'फिल्मिस्तान' उभी राहिली. १९४५ साली देविकाराणीही गेल्या. त्याहून मोठे कारण बाहेर होते. युद्धात काळ्या बाजाराचा पैसा ज्यांच्या गाठीशी आला त्यांना तो कोठेतरी मुरवायचा होता. स्टुडिओ भाड्याने घ्यावा, एखादा नामांकित नट वाटेल त्या रकमेला बांधावा आणि एकच चित्रपट काढावा, असे नवे निर्माते उगवले. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या साऱ्याचा समाचार घेतला. नटाचा भाव चढला आणि बत्तीवाल्याची महिन्याची नोकरी जाऊन रोजंदारी आली.

तसे पाहिले तर थकबाकी त्याआधीही होतीच. सआदत हसन मंटोने आपल्या लग्नाची आठवण लिहिली आहे, तीत शेठकडे अडकलेला पगार आणि तो मिळवून देण्यासाठी मध्ये पडलेले 'फिल्म इंडिया'चे बाबूराव पटेल भेटतात. मंटोला निदान बाबूराव भेटले. बत्तीवाल्याला कोण भेटणार?

बॉम्बे टॉकीजची मालकी हात बदलत गेली. अशोककुमार परतले, १९४९ साली 'महल' गाजला, तरी कंपनीचे पाय खोलच जात राहिले आणि पगार थकले. आता जे घडले ते मला या सर्व इतिहासातले सर्वांत मोठे वाटते. कामगारांनी आपली सहकारी संस्था करून स्वतःच एक चित्रपट काढला. 'बादबान', म्हणजे शीड. दिग्दर्शक फणी मजुमदार. अशोककुमार, देव आनंद, मीनाकुमारी आणि आपल्या उषा किरण. कथा समुद्राची आणि कोळ्यांची. बुडत्या जहाजावरच्या खलाशांनी आपल्या चित्रपटाला शिडाचे नाव दिले हे मुद्दाम की योगायोगाने, कोण जाणे. माझ्यातला कादंबरीकार मुद्दाम म्हणतो.

'बादबान' १९५४ साली लागला. उषा किरण यांना त्यातील भूमिकेसाठी फिल्मफेअरचे साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ते पारितोषिक त्याच वर्षी सुरू झाले होते. पण शीड फुगले तरी जहाज किनाऱ्याला लागले नाही. बॉम्बे टॉकीजचा तो अखेरचा चित्रपट ठरला. स्टुडिओच्या आवारात पुढे लहानमोठे कारखाने थाटले गेले. मी शाळेत असताना त्या बाजूने जाई तेव्हा आतून पत्रे ठोकल्याचा आवाज येई. येथे एके काळी देविकाराणी चालत, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

तात्या मला एकदा म्हणाले होते, "अरे, फिल्म धुणाऱ्याचे पैसे बुडत नाहीत. निगेटिव्ह त्याच्या कपाटात असते ना!" या एका वाक्यात धंद्याचे सारे अर्थशास्त्र आहे. त्या काळी लॅबोरेटरीचे बिल भागल्याशिवाय प्रिंट बाहेर पडत नसे. सावकाराकडे कागद असतो. वितरकाने उचल दिलेली असते, त्याबदल्यात त्याचा प्रांत त्याच्या नावे बांधलेला असतो. नटाने अखेरच्या चार दिवसांच्या तारखा रोखून धरल्या की त्याचा हप्ता घरपोच येतो. बत्तीवाल्याने दिलेला उजेड मात्र त्या दिवशीच फिल्मवर उमटून गेलेला असतो. तो परत मागता येत नाही, कपाटात कोंडताही येत नाही.

म्हणून माणसांनी एकीचे कपाट केले. १९५६ साली निरनिराळ्या कसबांच्या संघटना एकत्र येऊन मुंबईत महासंघ झाला. पैसे थकवणाऱ्या निर्मात्याच्या सेटवर कोणी जाऊ नये, असा असहकाराचा फतवा तो काढी. १९८१ साली सरकारनेही कायदा केला. निर्मात्याने कामगाराशी लेखी करार करावा, तंटा झाल्यास समेटाचा अधिकारी आणि त्यापुढे न्यायाधिकरण, अशी तरतूद झाली. तरीही ऑक्टोबर २००८ मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, थकलेल्या मजुरीसाठी आणि कामाच्या तासांसाठी हजारो कामगारांना संप करावा लागला आणि मोठमोठ्या ताऱ्यांची चित्रणे बंद पडली.

तात्यांचे घोडे कोठे अडले? कायदा झाला होता, संघटना होती. ते संघटनेच्या कचेरीत गेलेही. तेथल्या माणसाने आपुलकीने विचारले, "कागद आहे का?" तात्यांनी वही पुढे केली. तो म्हणाला, "तात्या, हे तुमचे अक्षर. मालकाची सही कुठे आहे?" सही कोठेच नव्हती. रात्री दोनला फळीवरून उतरणारा माणूस सही मागत नाही. शेवटची गाडी चुकली, आता पहिली केव्हा, हे बघतो. तरीही संघटनेने असहकार जाहीर केला असता. पण तो चित्रपट अर्धाच राहिला होता. पैसा संपला, सेट मोडला, निर्माता दिसेनासा झाला. जे चित्र कधी लागणारच नाही, ते अडवायचे कोणी आणि कोठे?

काकूंनी त्या वर्षांत पापड लाटून घर चालवले. वाणी उधारी देत राहिला, त्याचे उपकार मानायचे की नाही याबद्दल नवराबायकोत एकमत नव्हते.

तात्या गेल्यावर काकूंनी घर आवरले, तेव्हा ती वही मला दिली. म्हणाल्या, "बेरीज तूच करायचास, तूच ठेव." मी चाळली. मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर तात्यांनी पेन्सिलीने सेटचा नकाशा काढलेला आढळला. कोठे कोणता दिवा, तोंड कोणीकडे, नायिकेच्या डाव्या बाजूला एक छोटी बत्ती. खाली लिहिले होते, "ही जरा खाली घेतली तर चेहरा चांगला उजळेल. उद्या सांगणे."