दोन चमच्यांची वाइन

नगर जिल्ह्यातल्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरांतसुद्धा वाइन होत असे, असं मी म्हटलं की माझ्या शेजारच्या माळकरी काकू कानांवर हात ठेवतात. मग मी द्राक्षासवाचं नाव घेते, आणि त्यांना लगेच आपल्या आजीची बरणी आठवते. काळ्या मनुका, गूळ, पाणी, धायटीची फुलं आणि महिनाभर बंद केलेलं तोंड. युरोपातला शेतकरी द्राक्षं चेंगरून पिंपात भरतो तेव्हा जे घडतं, तेच त्या बरणीत घडायचं. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि वायू सोडतं. मी जन्मभर वैद्यकी केली. यीस्टला सोवळं पाळताना मी कधी पाहिलं नाही.

आसव की अरिष्ट, या प्रश्नाला आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरसंहितेचं उत्तर साधं आहे: काढा करून मुरवलं तर अरिष्ट, न उकळता मुरवलं तर आसव. पण घराघरांत हा भेद कोणी पाळत नसे. मनुका उकळल्या तरी नाव ‘द्राक्षासव’ असंच. संहितेतल्या द्राक्षारिष्टाचं प्रमाण मात्र बघण्यासारखं आहे. मनुका पन्नास पल, गूळ दोनशे पल, म्हणजे चौपट. नाव द्राक्षाचं असलं, तरी मद्यार्काचा मोठा वाटा गुळाचाच.

आणि गुळाला नगर जिल्ह्यात तोटा नव्हता. भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 मध्ये पुरं झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पसरला. माझ्या आजेसासूबाईंना गूळ काळपट आणि जुनाच लागायचा. पिवळाधमक, देखणा गूळ त्या परत पाठवीत. त्याला त्यांच्याकडे कारण नव्हतं, अनुभव होता. कारण मला पुढे कळलं: गुळाचा रंग उजळायला जी गंधकयुक्त पावडर टाकतात, ती यीस्टच्याही मुळावर येते.

बाकीचं सामान काष्ठौषधींच्या दुकानातून पुडीत बांधून मिळे. दालचिनी, वेलदोडे, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग आणि वर मूठभर धायटीची फुलं. आजच्या भाषेत हे स्वस्तातलं किटच. त्यातली कळीची वस्तू म्हणजे धायटी. हे झुडूप अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या उतारांवर, उन्हाळ्याच्या तोंडाला लालबुंद फुलतं. फुलांतल्या मधाबरोबर रानटी यीस्ट येतं, आणि फुलांच्या तुरटपणामुळे नको ते जंतू आवरले जातात. यीस्ट नावाची काही चीज असते हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून वैद्य ही फुलं घालत आले. ती वेचून बाजारात आणणारे बहुतेक आदिवासी असत, हे इथेच सांगून ठेवते. पुढे लागणार आहे.

बरणीला आतून तुपाचा हात फिरवायचा. ती पाऊण भरायची, कारण वर फेस चढतो. तोंडावर कापड आणि चिकणमातीचा लेप द्यायचा आणि बरणी ज्वारीच्या राशीत पुरायची. नगरच्या कोरड्या हवेत दिवसा ऊन आणि रात्री कडाका. यीस्टला असला चढउतार मानवत नाही. धान्याची रास ऊब धरून ठेवते. दिवस भरले की आजेसासूबाई बरणीला कान लावीत. आत सूं-सूं आवाज ऐकू आला तर पुन्हा पुरायची. आवाज थांबला की तोंड उघडून जळती काडी आत न्यायची. विझली तर वायू अजून निघतो आहे. जळत राहिली तर आसव झालं. मग गाळायचं आणि जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. बाळंतिणीला, अशक्त म्हाताऱ्याला, भूक मेलेल्याला. तिसरा चमचा मागणाऱ्याला आजेसासूबाई ताक देत.

घरातली ही विद्या बाटलीत गेली ती विसाव्या शतकात. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 मध्ये नगरला आयुर्वेदाचं महाविद्यालय काढलं. आज ते त्यांच्याच नावानं चालतं. नगरच्याच आयुर्वेदाश्रम फार्मसीसारख्या कारखान्यांमुळे तयार आसवं दुकानात आली. मग ज्वारीत बरणी पुरायची कटकट कोण करणार?

सरकार तर त्याच्याही आधीपासून बरणीत डोकावू लागलं होतं. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळणं आणि विकणं सरकारी परवान्याखाली आणलं. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं तर पिणंच गुन्हा केलं. मद्यार्क असलेली औषधंही त्या जाळ्यात आली. एफ. एन. बलसारा नावाचे पारशी गृहस्थ कोर्टात गेले आणि 25 मे 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: दारूबंदी चालेल, पण मद्यार्कयुक्त औषधं आणि प्रसाधनं बाळगण्या-वापरण्यावर सरसकट बंदी चालणार नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि नशेसाठी पिण्याजोगी नसलेली औषधी द्रव्यं सुटली.

बरणी सुटली, मोह अडकला. अकोले तालुक्याच्या डोंगरात मोहाची फुलं आंबवून दारू गाळणारा माणूस गुन्हेगारच राहिला. गाळलेली दारू आसवापेक्षा कितीतरी कडक, हे खरं. पण धायटी वेचणाऱ्या हातांनीच मोहही वेचला होता. एका फुलाला ग्रंथाचा आधार होता, दुसऱ्याला नव्हता.

जिल्ह्याचा दुटप्पीपणा एवढ्यावर थांबत नाही. श्रीरामपूरजवळचं टिळकनगर 1933 मध्ये साखरेसाठी उभं राहिलं आणि पुढे ब्रँडीसाठी प्रसिद्ध झालं. पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी दारूबंदीमुळे देशाला माहीत झालं. 2001 मध्ये राज्यानं द्राक्षवाइनला उत्तेजन देणारं धोरण आणलं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकू द्यायचा निर्णय झाला, तेव्हा अण्णा हजारे यांनी राळेगणहूनच उपोषणाचा इशारा दिला. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं एक बाजू म्हणत होती. दारूच, असं दुसरी. मला दोन्ही बाजू बरणीच्या तोंडावरच्या लेपासारख्या वाटल्या. आत काय चाललंय याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आता माझा नातू सांगतो, परदेशात द्राक्षरसाचा अर्क, यीस्टची पुडी आणि वायू सोडणारी नळी असं किट स्वस्तात मिळतं आणि लोक स्वयंपाकघरात रेड वाइन करतात. इथे परवान्याशिवाय तसं करणं गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितलं. किटमध्ये काय नसतं, तेही सांगितलं. आसव-अरिष्टात मद्यार्क साधारण पाच ते बारा टक्के असतो, म्हणजे पुष्कळदा वाइनच्या जवळपास. तरी त्या बरणीनं आमच्या घरातला कोणी दारुडा झाला नाही. त्याचं श्रेय मी मनुकांना किंवा शार्ङ्गधराला देत नाही. बरणीची किल्ली कोणाकडे आहे आणि चमचा कोणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरत होतं. कायदा पदार्थ बघतो. आजेसासूबाई माणूस बघत.