दूध तोडल्यानंतर कालवडीचा खुराक: आधी वजन, मग पेंड

गोठ्यात दूध देणाऱ्या जनावराला आंबोण, गाभण असेल तिला थोडं, आणि दूध तुटलेल्या वासराला गव्हाणीत उरलेला कडबा. बेळगाव-खानापूरपासून इंदूरच्या वेशीपर्यंत बहुतेक घरांत हीच वाटणी असते. वासरू दूध देत नाही, मग त्याच्यावर पैसे का घालायचे, हा त्यामागचा हिशोब. पण तोटा नेमका इथंच सुरू होतो, आणि दोन-तीन वर्षं तो दिसत नाही.

संकरित कालवड साधारण 250 किलोची झाली की भरवण्याजोगी समजतात. तिसऱ्या महिन्यात दूध तुटलं तेव्हा ती 70 किलोची होती असं धरू. रोज 400 ग्रॅम वाढली तर उरलेले 180 किलो 450 दिवसांत भरतात, म्हणजे ती 18 महिन्यांची असताना भरवता येते आणि सव्वादोन वर्षांची असताना विते. तीच कालवड कडब्यावर रोज 250 ग्रॅमने वाढली तर 720 दिवस लागतात आणि पहिलं वेत तिसऱ्या वर्षाअखेरीस येतं. मधले नऊ महिने चारा, पाणी, शेण काढणं सगळं चालू, दूध मात्र शून्य. म्हशीच्या पारडीला भरवताना 275 ते 300 किलो वजन धरतात, म्हणून तिची मुदत मुळातच लांब. तिथं ही कसर आणखी जाणवते.

दूध कधी तोडायचं हे नुसत्या वयावर ठरवू नये. वासराचं मोठं पोट, म्हणजे रवंथाचा कप्पा, जन्मतः तयार नसतो. तो भरडा आणि कोवळा चारा खाऊनच तयार होतो. सलग तीन दिवस वासरू पाऊण ते एक किलो खुराक संपवत असेल तर दूध थांबवायला हरकत नाही. त्याआधी तोडलं तर ते खंगतं.

आता वजन. वजनकाटा नसला तरी कापडी टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर घ्यायचा आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660. घेर 42 आणि लांबी 38 आली तर वासरू साधारण 101 किलोचं आहे. दर महिन्याला सकाळी खायला घालण्यापूर्वी हे माप घेऊन गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलं तरी पुरे. महिन्यात 12 किलो वाढ दिसली नाही तर खुराक चुकतोय किंवा पोटात जंत आहेत. पारड्यांत गोल जंतांचा त्रास पहिल्या पंधरवड्यापासूनच असतो. औषध आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच. जंत असताना चांगली पेंड घालणं म्हणजे जंतांनाच पोसणं.

शंभर किलोच्या वासराला दिवसाला अडीच ते तीन किलो सुका भाग लागतो, पाणी वजा करून. त्यात साडेतीनशे ते चारशे ग्रॅम प्रथिनं हवीत. तीन किलो ज्वारीच्या कडब्यातून जेमतेम सव्वाशे ग्रॅम मिळतात, आणि वासराचं पोट मात्र भरलेलं असतं. पोट टम्म, पाठीची हाडं वर आणि केस राठ असं वासरू दिसलं की समजावं, ते उपाशी नाही, त्याला प्रथिनं कमी पडताहेत. खानापूरकडचं भाताचं पिंजर याबाबतीत कडब्याहूनही हलकं. निपाणी-चिकोडी पट्ट्यात हंगामात उसाचं वाढं फुकटात मिळतं म्हणून वासरांनाही तेच टाकतात. पण वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं, आणि या वयात हाडं वाढत असतात. वाढं द्यायचंच तर थोडं, आणि खनिज मिश्रणासोबत.

त्याच वासराला असा मेळ घालता येतो: एक किलो कडब्याची कुट्टी, तीन किलो हत्तीगवत, दोन किलो लसूणघास आणि सव्वा किलो खुराक. प्रथिनं साडेतीनशेच्या वर जातात. लसूणघास नसेल तर खुराक दीड किलो करावा. घास जितका चांगला तितकी पेंड वाचते, आणि पैसे खरे तिथंच वाचतात.

घरचा खुराक करताना मका भरडा 40 किलो, गव्हाचा भुसा 25, शेंगपेंड 20, तूरचुणी 12, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 हे प्रमाण चालतं. त्यात साधारण 17 टक्के प्रथिनं येतात. इथं शब्दांचा घोळ होतो. बेळगाव-कोल्हापूरकडे भुसा म्हणजे गव्हाचा कोंडा, माळव्यात भूसा म्हणजे गव्हाचं काड. तिथं दुकानात चोकर किंवा चापड मागावं लागतं. पेंडेला विदर्भात ढेप, हिंदीत खली, बडोद्यात खोळ, कन्नडमध्ये हिंडी, तेलुगूत चेक्का.

पेंड घेताना पोत्याचा भाव बघून भागत नाही. शेंगपेंडीत 40 टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात, साध्या सरकी पेंडीत 22 च्या आसपास. शेंगपेंड सरकीच्या दीडपट भावाला मिळत असली तरी प्रथिनांच्या हिशोबात तीच स्वस्त. मात्र कुबट वासाची, बुरशी आलेली शेंगपेंड वासराला देऊ नये, त्यातलं विष यकृतावर जातं. लहान वासराला सरकी पेंडीचाही भार नको. मोठ्या जनावरांच्या तयार खाद्यात कधी कधी युरिया असतो, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला ते अजिबात चालत नाही. पोत्यावर काय छापलंय ते वाचून घ्यावं.

खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू, आणि दिवसाचा एकदम न घालता दोनदा वाटून. भरडा एकदम वाढवला तर पोटात आंबटपणा होऊन वासरू खाणंच सोडतं. पाणी कायम समोर हवं. चार-पाच वासरं एकत्र असतील तर आकारानं सारखी एका दावणीला बांधावीत, नाहीतर दांडगं वासरू दोघांचं खातं आणि बारकं बारकंच राहतं.

वर्षानंतर हिरवा घास भरपूर असेल तर खुराक किलोभरावर आणता येतो. उलट टोकाला जाऊन कालवड लठ्ठ करण्यातही अर्थ नाही. वयात येण्याआधी फार चरबी चढली तर ती कासेतही साठते, आणि पुढं दुधाला मार बसतो.